वहिनी विचारते, कठडा कुठाय?

७ फेब्रुवारी, मंगळवार

कार्टून! मला कार्टून दिलं!

सकाळी संपादकबाईंचा फोन. "आपला ॲनिमेवाला सोडून गेला. एक जपानी मालिका आहे, बारा भागांची. दोन तरुण मुलींची मैत्री, जरा गंभीर प्रकरण. दर दोन भागांनंतर एक परीक्षण. तू कर."

मी म्हटलं, मी सिनेमावर लिहिते. गंभीर सिनेमावर.

"तू अजून कशावरच लिहीत नाहीस," त्या म्हणाल्या. "तू पाठवतेस आणि मी परत करते."

वेबसाइटवर मी अजून उमेदवारीवर आहे. नोकरी कायम व्हायची तर तोंड बंद. बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर एकाहून एक झणझणीत उत्तरं सुचली. नेहमीचंच.

आई म्हणाली, "छान झालं की! लहानपणी कार्टून लावल्याशिवाय तू जेवायचीच नाहीस."

८ फेब्रुवारी, बुधवार

मालिकेचं नाव 'धक्क्यावरच्या दोघी'. पहिले दोन भाग बघितले. एकटीने नाही. तेच तर सांगायचंय.

संध्याकाळी हॉलमध्ये टीव्ही लावून बसले. मांडीवर वही, चेहऱ्यावर समीक्षकाचा भाव. तेवढ्यात वहिनी कामावरून आली. दादाच्या लग्नाला पाच महिने झाले, पण वहिनीचं आणि माझं आजवरचं एकूण बोलणं म्हणजे "गिझर बंद केलात?" "केला." बस्स. मी तिच्याहून लहान, तरी ती मला 'ताई' म्हणते. आईनेच तसं सांगितलंय. त्यामुळे दोन्हीकडून अहो-जाहो. एका घरात नाही, बँकेच्या खिडकीच्या दोन बाजूंना राहतो असं वाटतं.

वहिनी लिफ्ट तपासनीस आहे. लिफ्ट, क्रेन, जे जे वर-खाली होतं ते सगळं तपासते. आमच्या घरात आली त्या दिवशी तिने आधी गॅलरीचा कठडा हलवून पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं.

"बसू का?" म्हणाली. "आत ह्यांची मीटिंग चाललीये."

सोफ्याच्या अगदी कडेला बसली, दवाखान्यात नंबराची वाट बघतात तशी.

गोष्ट अशी – एक मुलगी बंदरावर क्रेन चालवते. दणकट, अबोल. दुसरी मोठ्या घरची, गाणं शिकलेली. भर कार्यक्रमात तिचा आवाज गेला तो गेलाच. घर सोडून पळाली आणि आता बंदराच्या कँटीनमध्ये कप विसळते. पहिल्या भागात दोघी भेटतच नाहीत. नुसतं धुकं. मी लिहिलं – 'धुक्याचा सुंदर वापर'.

"पट्टा नाही लावला," वहिनी म्हणाली.

"कोणता?"

"ती शिडी चढतेय ना. पट्टा लागतो."

दुसऱ्या भागात गाणारी धक्क्यावर उभी राहून वर बघते, आणि तिच्या डोक्यावर एक भलामोठा कंटेनर हळूहळू तरंगत जातो. काय दृश्य! माझ्या अंगावर काटा.

"खाली माणूस उभा असताना वरून माल न्यायचा नसतो," वहिनी.

"वहिनी, ते प्रतीक आहे."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "डोक्यात पडलं तर?"

१० फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षण परत आलं! 'मौनाचा अवकाश' असं शीर्षक दिलं होतं. बाई म्हणाल्या, "यात अवकाशच अवकाश आहे. मालिका कुठाय? तुला आवडली का नाही ते एका वाक्यात सांग बघू."

मी अडखळले. काहीतरी बोलायचं म्हणून वहिनीचं सांगितलं. प्रतीक डोक्यात पडलं तर?

आणि बाई हसल्या! मी तिथे लागल्यापासून पहिल्यांदा. "हे लिही," म्हणाल्या. "हेच लिही."

लिहिलं. 'माझी वहिनी म्हणते' असं करत करत. माझी धुक्यावरची चार वाक्यं मध्ये दडवली.

१३ फेब्रुवारी, सोमवार

छापून आलं. खाली प्रतिक्रियांचा पाऊस.

"वहिनींना नमस्कार."

"वहिनींचं म्हणणं अगदी रास्त आहे. मीही गोदीत काम केलंय."

"वहिनी उत्तम. लेखिकेने मध्ये मध्ये बोलू नये."

मध्ये मध्ये! माझ्याच लेखात!

१५ फेब्रुवारी, बुधवार

तिसरा-चौथा भाग. क्रेनवाली आणि गाणारी अखेर एकमेकींशी बोलल्या – "हा कप तुझा?" "हो." एवढंच. चौथ्याच्या शेवटी दोघी गोदामाच्या गच्चीवर, पाय खाली सोडून. समोर समुद्र. मागे पियानो. गाणारी सांगते की आता झोपेत तरी आवाज येईल म्हणून ती लवकर झोपते. माझे डोळे भरून आले.

"कठडा कुठाय?" वहिनी ओरडली.

खरंच ओरडली. आई स्वयंपाकघरातून पळत आली, कोण पडलं म्हणून.

"गच्चीला कठडा नाही! आणि या पाय सोडून बसल्यात!"

मग दहा मिनिटं आम्ही हसत होतो. वहिनी हसते तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. आई म्हणाली, "दोघींना वेड लागलंय." आतून दादाने दार उघडून विचारलं, "जरा हळू?" आणि लावून घेतलं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

शीर्षक बाईंनीच दिलं – 'कठडा कुठाय?' माझा मत्सर बाजूला ठेवून नोंद करते की खूप वाचलं गेलं.

वहिनी जेवताना दादाला चौथ्या भागाची गोष्ट सांगत होती. कप, गच्ची, सगळं. दादा फोनवर बोट फिरवत "हं, हं" करत होता. तिचं सांगून झालं तेव्हा म्हणाला, "मीठ दे जरा." मग तीच गोष्ट तिने भांडी पुसताना मला पुन्हा सांगितली. मी स्वतः बघितली होती, तरी ऐकली. ती सांगते छान. क्रेनचा आवाजसुद्धा काढते.

२२ फेब्रुवारी, बुधवार

पाचवा, सहावा. आता वहिनी सोफ्याच्या कडेला बसत नाही. चक्क मांडी घालते. मध्ये शेंगदाण्यांची वाटी. मी सालं काढते, ती खाते. हे कधी ठरलं?

सहावा भाग चालू असताना म्हणाली, "कँटीनवालीला क्रेनवाली आवडायला लागलीय. पण तिचं तिलाच कळायला वेळ लागणार."

"कशावरून?"

"तिचा कप दोनदा विसळला."

मी मागे नेऊन बघितलं. दोनदा! मला दिसलंच नव्हतं. मी तेव्हा वहीत 'रंगसंगती' लिहीत होते.

तरीही माझं ठाम मत आहे की ही मैत्री पटत नाही. एक लोखंडात वाढलेली, एक गाण्यात. एकीला दुसरीच्या कामातलं ओ की ठो कळत नाही. लेखकाने ओढूनताणून जवळ आणलंय. खऱ्या आयुष्यात अशा दोघी महिनाभर एका सोफ्यावर बसल्या तरी काही होणार नाही.

हे परीक्षणात लिहिणार आहे. आणि या वेळी विनोद माझा असणार. वहिनीचा नाही. माझा!

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

काय लेख झालाय! मधला परिच्छेद तर मला पाठ झालाय – "माझ्या वहिनीला मैत्रिणी नाहीत. ती लिफ्टशी बोलते. लिफ्ट निदान वर-खाली तरी होते. वहिनीच्या चेहऱ्यावर तेवढीही हालचाल नसते."

बाईंनी फोन करून सांगितलं, "आता जमतंय तुला." जमतंय!

२७ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी टीव्ही लावला, शेंगदाणे काढले. वहिनी आली आणि सरळ आत गेली. मी हाक मारली. दारात येऊन म्हणाली, "ताई, यापुढे तुम्हीच बघा. मला काम असतं."

मग थोडं थांबून, "गिझर बंद केलाय."

२८ फेब्रुवारी, मंगळवार

आईकडून कळलं. वहिनीच्या ऑफिसात कोणीतरी तो परिच्छेद छापून लिफ्टमध्ये चिकटवला. आरशाच्या बरोब्बर वर. दिवसभर लोक तो वाचत वर-खाली जात होते. वहिनी त्यांच्याबरोबर उभी.

"तुला हसू आलं असेल," आई म्हणाली.

आलं होतं. लिहिताना.

१ मार्च, बुधवार

सातवा-आठवा भाग. वहिनीच्या जागी आई बसली.

"ही कोण?" क्रेनवाली. "आणि ही?" तीही क्रेनवालीच, तिने टोपी काढलीय. "मग मघाची कुठे गेली?" मालिकेत सगळ्यांना एकसारखे डोळे का, हे आईला अखेरपर्यंत कळलं नाही. मलाही सांगता आलं नाही.

आठव्यात दोघींचं भांडण होतं. मग गाणारी क्रेनची उंच शिडी चढून वर जाते आणि माफी मागते. मावळता सूर्य, व्हायोलिन, केस उडताहेत. क्रेनवाली नुसता हात पुढे करते. झालं, मिटलं!

"किती सोपं," आई म्हणाली आणि उठून गेली.

एक ओळ लिहून झाली नाही. शेंगदाणे सालांसकट खाल्ले.

२ मार्च, गुरुवार

आज वहिनीच्या कामावर गेले. इमारत कुठली ते दादाला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. तिच्या ऑफिसात फोन करून काढलं.

कापडाच्या कारखान्याची इमारत, मालाची मोठी लिफ्ट. वहिनी डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च, गुडघ्यापर्यंत ग्रीस. मला बघितलं. आपलं हेल्मेट काढलं, माझ्या डोक्यावर ठेवलं, आणि दुसरं आणायला गेली. मी तिथेच निम्मी विरघळले.

लिफ्टमध्ये लोखंडी वजनं रचलेली होती. पूर्ण भार घालून ब्रेक धरतो का बघतात म्हणे.

"तुमचं वजन किती?" वहिनी.

"हे विचारतात का कुणाला?"

"थोडं कमी पडतंय. या आत."

असा मला त्या लिफ्टमध्ये प्रवेश मिळाला. वजन म्हणून. मी खरं वजन सांगितलं, आणि पुढे काय घडणार ते मला माहीत असतं तर जाण्याआधी बाथरूमला जाऊन आले असते. कारण दोन मजल्यांच्या मध्ये वहिनीने एक बटण दाबलं, आणि धाडकन आम्ही थांबलो.

"ब्रेक चांगला आहे," ती म्हणाली. वहीत टिपलं. मग टॉर्च खाली ठेवला. "आता बोला."

घरातून निघताना मी पूर्ण भाषण तयार केलं होतं. त्यात 'संवेदनशीलता' हा शब्द होता. तोंडातून निघालं ते एवढंच – "वहिनी, मी नालायक आहे."

"ते राहू दे. का लिहिलंस?"

लिहिलंस! मी इतकी दचकले की वजनांना धडकले.

"लोक तुमच्यावरच हसत होते... म्हणजे तुमच्या बोलण्यावर. लेख माझा, आणि सगळे तुम्हालाच नमस्कार करत होते. मला वाटलं, एकदा तरी त्यांनी माझ्या वाक्याला हसावं."

"हसले."

"हो."

वरचा दिवा फडफडत होता. ग्रीसचा वास. व्हायोलिन नव्हतं, माझे केस हेल्मेटात होते आणि मला जोरात लागली होती.

"मैत्रिणी नाहीत हे खरंच आहे," वहिनी म्हणाली. "शिकत होते तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी. कामावर मी एकटी बाई. सवय झाली. लिफ्टशी बोलते तेही खरं. खोटं असतं तर मीही हसले असते." ती पट्टा नीट करत होती, जो आधीच नीट होता. "पण तू ते लिहिलंस ना, त्याच्या दोन दिवस आधी माझ्या मनात आलं होतं की आता एक झालीय."

मला रडू फुटलं. ते अगदी वाईट, आवाज करून. वहिनीने खिशातून फडकं दिलं. तेही ग्रीसचं. माझ्या नाकावर काळा पट्टा उमटला तसे तिचे खांदे हलायला लागले.

मग म्हणाली, "तुला एक सांगायचं होतं. तुझ्या दादाचं आणि माझं..."

खालून कोणीतरी दारावर थाप मारली. "मॅडम, झालं का? माल न्यायचाय!"

तिने बटण दाबलं. आम्ही खाली आलो. मी बाथरूमकडे पळाले.

काय सांगायचं होतं कोण जाणे. असेल गिझरचंच काहीतरी.

३ मार्च, शुक्रवार

लेख दिला. त्यात लिहिलं की मागच्या लेखातला एक परिच्छेद लिहिणारीची अक्कल तेव्हा बंद पडली होती. देखभालीचं काम चालू आहे.

बाई म्हणाल्या, "परीक्षण कुठाय?" मी म्हटलं, हेच. त्यांनी छापलं.

६ मार्च, सोमवार

नववा, दहावा. वहिनी परत सोफ्यावर! आता मीही 'तू' म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीभ अडकली – "वहिनी, तुम्ही... तू... शेंगदाणे?" आईच्या भुवया वर गेल्या. जाऊ देत.

दादा पाणी प्यायला बाहेर आला. क्षणभर थांबून टीव्हीकडे बघितलं. "अजून संपलं नाही हे?" वहिनी म्हणाली, "बसा ना, दोनच भाग राहिलेत." त्याने घड्याळ बघितलं, "नको, चालू दे तुमचं," आणि गेला. चिडून नाही. आपल्याच घरात पाहुण्यासारखा, सावकाश.

९ मार्च, गुरुवार

संपली!!

गाणारीचा आवाज परत येत नाही. मला वाटलं होतं शेवटी गाईल. नाही. ती दुसऱ्या शहरात जाते, लहान मुलांना पियानो शिकवायला. दोघी एकमेकींना निरोपही नीट देत नाहीत. ती बोटीवर चढते. बोट सुटते. आणि मग धक्क्यावर ती प्रचंड क्रेन एक रिकामा कंटेनर उचलते, हवेत वर नेते, आणि हळूच खाली ठेवते. पुन्हा वर, पुन्हा खाली. बोट दिसेनाशी होईपर्यंत.

मी वहिनीकडे बघितलं. ती ढसाढसा रडत होती.

"काम नसताना," ती हुंदके देत म्हणाली, "रिकामा माल... असा उचलणं... नियमात बसत नाही!"

आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत राहिली. बराच वेळ. नावांची पाटी संपली, जाहिराती लागल्या, तरी रडत होती. मालिका एवढी काही दुःखाची नव्हती. मी टीव्ही बंद केला आणि तशीच बसून राहिले. आई येऊन बघून गेली.

१० मार्च, शुक्रवार

एका बैठकीत लिहिलं. अवकाश नाही, धुकं नाही. ही मैत्री पटत नाही असं मी मागे लिहिलं होतं, तेही मागे घेतलं. एकमेकींचं काम कळावं लागत नाही. काम संपल्यावर कुणापाशी जाऊन बसावंसं वाटतं तेवढंच लागतं. वहिनीचं वाक्य फक्त एक घेतलं, रिकाम्या मालाचं. तिला आधी विचारलं. म्हणाली, "घे. पण 'हुंदके देत' काढ."

काढलं.

१३ मार्च, सोमवार

कायम झाले! नोकरीत कायम!

बाईंनी ऑफिसात बोलावून सांगितलं. शिवाय दर आठवड्याला सदर. नावही ठरलंय – 'नणंद-भावजय बघतात'. दोघींचा फोटो हवाय. वहिनीला हेल्मेट घालून.

घरी धावत आले, पायऱ्यांवरूनच ओरडत. आईने साखर हातावर ठेवली. दादा म्हणाला, "वा, शहाणे!" आणि पाठीवर थाप मारली, लहानपणी मारायचा तशी. वहिनीला नाव सांगितलं. ती हसली. म्हणजे खांदे हलले नाहीत, नुसती हसली. "छान आहे," म्हणाली, आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

दमली असेल.

१४ मार्च, मंगळवार

दादा आणि वहिनी वेगळे होताहेत.

सकाळी चहाच्या वेळी दादाने सांगितलं, बशीकडे बघत. भांडण नाही, तिसरं कुणी नाही. "आमचं बोलणंच होत नाही," म्हणाला. "अरे, मग बोला की!" आई म्हणाली. दोघंही गप्प. दादाचे डोळे लाल होते. त्याच्यावर चिडावं की त्याला जवळ घ्यावं ते मला ठरवता आलं नाही.

दुपारी वहिनी गेली. ऑफिसजवळ खोली घेतलीय. दारात म्हणाली, "तुझ्या सदराचं नाव चुकलं गं."

संध्याकाळी मी लॅपटॉप पिशवीत टाकला, चपला घातल्या.

"तू कुठे निघालीस?" आई.

"मैत्रिणीकडे."

"तुला कुठली मैत्रीण?"

आई बघत राहिली. मग आत गेली, बराच वेळ भांडी आपटली, आणि डबा भरून घेऊन आली.

"दोघींना पुरेल," म्हणाली.